जेलमधल्या माणसाचं कॉलेज: खान्देशातल्या घरच्यांसाठी, पहिल्या अर्जापासून पदवीपर्यंत

होय, जेलमध्ये राहून बी.ए., बी.कॉम. करता येतं. दहावी राहिली असेल तर आधी दहावी करता येते. सुटून आल्यावर वयाच्या तिशीत, चाळिशीत कॉलेजात नाव घालता येतं. त्याला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी असते ती कागदांची, आणि कागद आतून हलत नाहीत. म्हणून आत शिकणाऱ्याला बाहेर एक माणूस लागतो. हा लेख त्या बाहेरच्या माणसासाठी आहे: भावासाठी, बायकोसाठी, आईसाठी, जुन्या शाळेतल्या एखाद्या सरांसाठी.

मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर बरीच वर्षं काम केलं. एकदा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून एक म्हातारी आई दोन एसट्या बदलून केंद्रावर आली. कापडी पिशवीत मुलाची दहावीची गुणपत्रिका, घडीवर फाटलेली. तिने पहिला प्रश्न विचारला तो अजून कानात आहे: "तठे पुस्तकं जाऊ देतस का व ताई?" फी किती, किती वर्षं, याचं तिला काही नव्हतं. पुस्तकं आत जातात का, एवढंच. जातात. कशी, ते पुढे सांगते.

आधी एवढं समजून घ्या: कच्चा की पक्का?

खटला चालू असेल तो कच्चा कैदी, सरकारी भाषेत न्यायाधीन बंदी. शिक्षा लागलेला तो पक्का. शिक्षणाचा हक्क दोघांनाही आहे, पण वाट वेगळी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार इथल्या जेलांत कच्चे कैदी जास्त. शिक्षा लागली आणि ती लांबची असली, की माणूस नाशिकरोड, हर्सूल किंवा येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहात जातो. मध्यवर्ती कारागृहात शिक्षणाची घडी बसलेली असते. तिथे शिक्षक असतात, वाचनालय असतं, आधी शिकून गेलेले बंदी असतात. जिल्ह्याच्या जेलमध्ये गर्दी असते, माणसं आठ-पंधरा दिवसांत येतात-जातात, आणि पदवीचा अर्ज भरणारा वर्षात एखादाच निघतो. तिथे तुम्हाला जास्त पाठपुरावा करावा लागणार हे मनाशी धरूनच सुरुवात करा.

कच्च्या कैद्याच्या घरचे बहुतेक जण म्हणतात, "जामीन होऊ द्या, मग बघू." हा सल्ला मी कधीच देत नाही. जामीन दोन महिन्यांत होईल किंवा दोन वर्षं होणार नाही, हे कुणाच्या हातात नसतं. नाव घातलेलं असेल आणि तो सुटला, तर तोच अभ्यास बाहेर येऊन पुढे चालतो. नाव घातलेलंच नसेल तर ते वर्ष गेलं.

धुळ्याच्या जेलचं नाव काढलं की घरातली माणसं खाली मान घालतात. त्यांना मी एक गोष्ट आठवण करून देते. १९३२ साली त्याच तुरुंगात विनोबांनी फेब्रुवारी ते जून अठरा रविवार गीतेवर प्रवचनं दिली, आणि अमळनेरच्या शाळेत मास्तर राहिलेल्या साने गुरुजींनी तिथेच बसून ती लिहून घेतली. ते राजबंदी होते, तुमचा मुलगा नाही, हे मलाही कळतं. पण त्या भिंतींच्या आत वही-पेन्सिल ही काही नवी गोष्ट नाही, एवढं त्यातून घ्या.

कागद

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मी पाहिलेल्या दहा खोळंब्यांतले आठ इथलेच.

शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार कार्ड, फोटो, आणि असेल तर जातीचा दाखला. एवढं लागतं. गुणपत्रिका हरवली असेल तर नाशिक विभागीय मंडळाकडून दुय्यम प्रत मिळते. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच मंडळात येतात. आसनक्रमांक आठवत नसेल तर शाळेत जा, जनरल रजिस्टरवरून आणि निकालाच्या जुन्या पत्रकावरून क्लार्क काढून देतो.

आता नावाचं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि जेलच्या नोंदीत तिसरं, असं हमखास असतं. जेलमध्ये नाव येतं ते पोलिसांच्या कागदावरून. त्यात "उर्फ" लागलेला असतो, वडिलांचं नाव अर्धंच असतं, आडनावाच्या जागी गावात म्हणतात ते नाव असतं. विद्यापीठाचा अर्ज कायम शाळेच्या दाखल्याप्रमाणे भरा. आणि जेलमध्ये अर्ज देताना त्यातच एक ओळ लिहा की कारागृहाच्या नोंदीतील अमुक नावाची व्यक्ती आणि शाळेच्या दाखल्यावरील अमुक नावाची व्यक्ती एकच आहे. ही ओळ नसल्यामुळे हॉलतिकीट हातात असूनही परीक्षेच्या दिवशी ओळख पटवायला दोन तास गेलेला विद्यार्थी मला माहीत आहे. तीन तासांच्या पेपरला त्याच्या हातात एक तास उरला.

आधार नसेल तर आत असतानाही काढता येतं. कारागृहाच्या अधिकाऱ्याने सही-शिक्क्यानिशी दिलेला बंदी दाखल झाल्याचा कागद आधारसाठी पुरावा म्हणून चालतो. जेलमध्ये आधारचा कॅम्प कधी लागणार, हे गुरुजींना किंवा तुरुंग अधिकाऱ्यांना विचारून ठेवा. इथे गुरुजी म्हणजे कारागृहाचे शिक्षक. आतले सगळे त्यांना त्याच नावाने ओळखतात.

मोबाईलची गोष्ट खरी अवघड आहे. मुक्त किंवा दूरस्थ पदवीला प्रवेश घेताना हल्ली एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या शैक्षणिक श्रेयांकांच्या सरकारी खात्याचा क्रमांक) आणि त्यावरून डीईबी आयडी (दूरशिक्षणासाठीचा यूजीसीचा क्रमांक) काढावा लागतो. दोन्हींसाठी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. आतल्या माणसाकडे मोबाईल नाही, आणि त्याचं जुनं सिम बंद पडून ते दुसऱ्याच कुणाला गेलेलं असतं. नवा नंबर जोडायला त्याची स्वतःची ओळख पटवावी लागते. म्हणजे तो समोर हवा. म्हणून तो संचित रजेवर (फर्लो) किंवा अभिवचन रजेवर (पॅरोल) घरी आला, की पहिल्या दोन दिवसांत आधार केंद्रावर घेऊन जा आणि घरातल्या कायम चालू राहणाऱ्या नंबरची जोडणी करून घ्या. फर्लो-पॅरोलचे दिवस पाहुणेरावळ्यात भुर्रकन जातात. रजा नसेल तर आतल्या कॅम्पमध्येच आईचा किंवा भावाचा नंबर द्यायला त्याला सांगा. तो नंबर त्याला पाठ हवा.

अजून एक कागद आहे आणि तो फार थोडे लोक करतात: अधिकारपत्र. "माझ्या वतीने माझा भाऊ अमुक हा विद्यापीठ व अभ्यासकेंद्राशी पत्रव्यवहार करील, पुस्तके, गुणपत्रिका व प्रमाणपत्रे स्वीकारील" असं बंद्याने लिहायचं, त्याच्या सहीखाली कारागृह अधिकाऱ्याची साक्षांकित सही-शिक्का घ्यायचा. दोन प्रती करून घ्या. हा कागद तुमच्या पिशवीत असला की कुठल्याही खिडकीवर "तुम्ही कोण?" हा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो.

कुठल्या पायरीवरून चढायचं?

दहावी नापास किंवा शाळा मध्येच सुटलेली असेल तर दोन वाटा. एक, आपलं राज्य मंडळ. नापास असेल तर जुन्या शाळेमार्फत पुन्हा बसायचं; शाळा मध्येच सुटली असेल तर १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म. तो ऑनलाइन भरतात, पावसाळ्यात मुदत असते, आणि एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडावी लागते. फायदा असा की मराठी माध्यम, ओळखीची पुस्तकं, गावातले मास्तर. तोटा असा की प्रकल्प, तोंडी परीक्षा या गोष्टींसाठी शाळेला सहकार्य करावं लागतं.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. जेलमधल्या माणसाला ही जास्त सोसते असं माझं मत आहे. नोंदणी पाच वर्षं टिकते, त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, एका वेळी झेपतील तेवढेच विषय देता येतात. मंडळाच्या परीक्षेत आधी पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण इकडे आणता येतात. तारखेमुळे एक पेपर हुकला तर सगळं वर्ष बुडत नाही. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोनदा असतात. जमेल तर ऑक्टोबरची घ्या. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. भरलेल्या बराकीत, गरम हवा फेकणाऱ्या पंख्याखाली, डोक्यावर ओला पंचा टाकून बीजगणित करणाऱ्या पोराने मला सांगितलं होतं, "मॅडम, घामाने वहीची पानं चिकटायची, उलटता यायची नाहीत." त्याने मग पुढचे विषय हिवाळ्याच्या तोंडावर दिले.

बारावी झालेली असेल तर सरळ पदवी. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, माध्यम मराठी, पुस्तकं स्वतःची स्वतः वाचून समजतील अशी लिहिलेली. खान्देशातली अभ्यासकेंद्रं त्याच्या नाशिक विभागीय केंद्राखाली येतात. नाशिकरोडच्या कारागृहात या विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आहे. हिंदी किंवा इंग्रजी माध्यम चालत असेल तर इग्नू हा दुसरा पर्याय. तिथे कारागृहातल्या विद्यार्थ्यांना शिक्षण मोफत आहे.

एक धोक्याची सूचना मात्र जिवाच्या आकांताने देते. बारावी न करता पूर्वतयारीसारखा छोटा शिक्षणक्रम करून थेट पदवीला जायची सोय मुक्त शिक्षणात राहिली आहे. वेळ वाचतो म्हणून लोक ती घेतात. आता आतल्या मुलांना विचारा पुढे काय व्हायचंय, दहातले पाच म्हणतात, "वकील." खटल्याच्या तारखा झेलून झेलून ते स्वप्न पडतंच. आणि बार काउन्सिलच्या (वकिलीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) २००८ च्या नियमांप्रमाणे दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्याला एलएल.बी.ला प्रवेश मिळत नाही. तीन वर्षं खपून बी.ए. हातात, आणि लॉ कॉलेजच्या दारात हे कळतं. त्यामुळे दोन वर्षं जास्त गेली तरी चालतील, बारावी करूनच वर जा.

विषय निवडताना प्रात्यक्षिकं नसलेले घ्या. बी.एस्सी.ची हौस असली तरी प्रयोगशाळा आत येणार नाही. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, वाणिज्य हे आत बसून पेलतं.

आतला अर्ज

प्रवेशाचा फॉर्म बाहेर तुम्ही भराल, पण परवानगीचा अर्ज आतून त्यालाच द्यावा लागतो. मुलाखतीच्या, म्हणजे जेलमधल्या भेटीच्या, वेळी जाळीपलीकडून किंवा फोनवर एवढं सगळं सांगता येत नाही, वेळ अपुरा पडतो. घरी मजकूर लिहून पत्राने पाठवा, तो त्याच्या अक्षरात उतरवील. मजकूर असा असावा:

"प्रति, मा. अधीक्षक. विषय: पदवी शिक्षणासाठी प्रवेश घेण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, मी (पूर्ण नाव, शाळेच्या दाखल्याप्रमाणे), बंदी क्रमांक (...), या कारागृहात दि. (...) पासून आहे. कारागृहाच्या नोंदीत माझे नाव (...) असे आहे, दोन्ही नावांची व्यक्ती मीच आहे. मी बारावी उत्तीर्ण असून मला मुक्त विद्यापीठाच्या बी.ए. प्रथम वर्षास प्रवेश घ्यावयाचा आहे. प्रवेशअर्जावर सही करणे, पुस्तके मिळणे, गृहपाठ जमा करणे व परीक्षा देणे यासाठी परवानगी मिळावी. बाहेरील पत्रव्यवहार माझा भाऊ (...) पाहील. सोबत अधिकारपत्र जोडले आहे."

अर्ज गुरुजींमार्फत द्यावा. त्याच मजकुराची एक प्रत तुम्ही स्वतः कारागृहाच्या कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, आणि त्यांचे विधी स्वयंसेवक जेलमध्ये जातही असतात. हेल्पलाइन १५१००. तक्रार म्हणून जाऊ नका, मदत मागायला जा. माझा अनुभव असा की बहुतेक अधिकारी शिकणाऱ्या बंद्याच्या बाजूचे असतात. त्यांच्याकडे माणसं कमी असतात आणि कागद फार असतात.

पुस्तकं, वह्या आणि अभ्यास

पुस्तकं छापील, मऊ बांधणीची द्या. जाड पुठ्ठा, स्पायरल, प्लॅस्टिकचं कव्हर नको. झडतीत अडतं. झेरॉक्स नोट्स द्यायच्या तर स्टेपलच्या पिना काढून सुई-दोऱ्याने शिवा. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्याचं नाव, बंदी क्रमांक आणि विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक लिहा. पानांच्या कडेला पेन्सिलने काहीही खरडलेलं नको, ते निरोप समजून पुस्तक अडवलं जातं. एका खेपेला दोन-तीनच पुस्तकं द्या, म्हणजे तपासणाऱ्यालाही सोपं जातं.

आतली वेळ वेगळी असते. सकाळची गिनती (माणसांची मोजणी), जेवण, दुपारची बंदी (बराकीला कुलूप), पुन्हा गिनती, आणि संध्याकाळी लवकर कुलूप. रात्री दिवा चालू असतो पण गोंगाटही असतो. बहुतेक विद्यार्थी दुपारच्या बंदीत नाहीतर पहाटे वाचतात. पत्रात "अभ्यास कर" असं लिहू नका. "पुढच्या मुलाखतीला इतिहासाच्या तिसऱ्या घटकातले दोन प्रश्न मला सांग" असं लिहा. एका भावाने असं दोन वर्षं केलं. स्वतः रावेरकडे केळीच्या बागेत मजुरीला, शिक्षण आठवी, पण दर मुलाखतीला हातावर प्रश्न लिहून नेत असे.

गृहपाठ हाताने लिहून जेलच्या कार्यालयामार्फत बाहेर येतो. शेवटच्या तारखेच्या किमान महिनाभर आधी तो तुमच्या हातात पडेल अशी आखणी करा, आणि केंद्रावर देण्याआधी पानापानाचा फोटो काढून ठेवा.

परीक्षा

ज्या कारागृहात परीक्षा केंद्र आहे तिथे काम सोपं. नसेल तर पक्क्या कैद्यासाठी अधीक्षकांमार्फत विद्यापीठाला पत्र जातं. कच्च्या कैद्यासाठी ज्या कोर्टात खटला चालू आहे तिथे वकिलामार्फत अर्ज करावा लागतो: अमुक तारखांना अमुक केंद्रावर पोलीस बंदोबस्तात परीक्षेला नेण्याची परवानगी द्यावी, किंवा परीक्षेपुरता तात्पुरता जामीन द्यावा. अर्जाला हॉलतिकीट, वेळापत्रक आणि प्रवेशाची पावती जोडा. हॉलतिकीट उशिरा येतं, म्हणून वेळापत्रक जाहीर झालं त्याच आठवड्यात अर्ज टाका, हॉलतिकीट मागून जोडता येतं. बंदोबस्ताचा खर्च भरायला कधी कधी कोर्ट सांगतं. घरची परिस्थिती नसेल तर तसं त्याच अर्जात लिहून माफी मागा. आदेश झाला की त्याची प्रत जेलमध्ये आणि पोलीस मुख्यालयात पोचली का, हे स्वतः जाऊन बघा. आदेश कोर्टाच्या फायलीत राहिला आणि गाडी आलीच नाही, असं होऊ देऊ नका.

माझ्या हातून एक वर्ष गेलं ते अशाच ढिलाईने. एक विद्यार्थी परीक्षेच्या आठ दिवस आधी दुसऱ्या कारागृहात हलवला गेला. आमच्या केंद्रावरून हॉलतिकीट जुन्या पत्त्यावर गेलं. घरच्यांना बदली झाल्याचं मुलाखतीला गेल्यावर कळलं, मला त्यांनी चार दिवसांनी सांगितलं, आणि मी परीक्षा केंद्र बदलून मागितलं तेव्हा मुदत संपली होती. तेव्हापासून प्रत्येक घराला मी एकच गोष्ट सांगत आले: बदली झाली की त्याच दिवशी केंद्राला फोन करा, आणि त्याच आठवड्यात नव्या कारागृहाच्या अधीक्षकांना जुनी परवानगी, प्रवेशाची पावती आणि कायम नोंदणी क्रमांक जोडून पत्र द्या. पुस्तकं जुन्या जेलमध्ये राहिली असतील तर तेही लिहा. कायम नोंदणी क्रमांक घरातल्या भिंतीवर लिहून ठेवला तरी चालेल.

पक्क्या कैद्यासाठी आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात दहावी, बारावी, पदवी, पदव्युत्तर परीक्षा पास झालेल्याला शिक्षेत ९० दिवसांपर्यंत विशेष माफी मिळू शकते. ती आपोआप लागत नाही, अधीक्षकांची शिफारस लागते. म्हणून गुणपत्रिका आली की प्रत लगेच आत द्या आणि माफीसाठी अर्ज करायला सांगा. कच्च्या कैद्याला माफीचा प्रश्न येत नाही, पण जामिनाच्या अर्जाला प्रवेशाची पावती आणि गुणपत्रिका जोडायला वकिलांना जरूर सांगा.

सुटून आल्यावर

बाहेर पडताना जेलमधून सुटकेचा दाखला, शिक्षणाच्या नोंदी, आत मिळालेली प्रमाणपत्रं आणि पुस्तकं मागून घ्या. नंतर पुन्हा त्या दारात जायला पाय उचलत नाहीत, हे स्वाभाविक आहे. निर्दोष सुटला असेल तर निकालाची प्रमाणित नक्कल काढा, दोन प्रती काढा.

अर्धवट शिक्षण मुक्त विद्यापीठात असेल तर घाईने सोडू नका. फक्त अभ्यासकेंद्र बदलून गावाजवळचं घ्या. नेहमीच्या कॉलेजात जायचं असेल तर जळगाव, धुळे, नंदुरबारची कॉलेजं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली येतात. पदवीला वयाची अट आड येत नाही, पण गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. गॅपमध्ये काय लिहायचं, हा प्रश्न सगळे दबक्या आवाजात विचारतात. खोटं लिहू नका. "या काळात मी कोणत्याही शिक्षणसंस्थेत नियमित प्रवेश घेतलेला नव्हता" हे वाक्य खरं आहे आणि पुरेसं आहे. कुणी विचारलं नसताना खटल्याची कहाणी प्रतिज्ञापत्रात घालायची गरज नाही. मात्र फॉर्मवर "गुन्हा दाखल आहे का, शिक्षा झाली आहे का" असा सरळ रकाना असेल तर खरं उत्तर द्या आणि निकालाची नक्कल जोडा. नोकरीच्या फॉर्मला तर हे हजारदा लागू. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की लपवलं म्हणून नोकरी जाऊ शकते. खरं सांगितलेल्या उमेदवाराला मालकाने गुन्ह्याचं स्वरूप बघून निर्णय घ्यायचा असतो.

अठरा वर्षांच्या आत घडलेलं प्रकरण असेल आणि ते बालन्याय मंडळापुढे निकाली निघालं असेल तर गोष्ट निराळी. बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम २४ प्रमाणे त्यामुळे कुठलीही अपात्रता लागत नाही. फॉर्म भरण्याआधी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला दाखवा.

जामिनावर असलेल्याने प्रवेश घेण्याआधी जामिनाच्या अटी पुन्हा वाचाव्यात. आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी आहे का? जिल्हा सोडायला मनाई आहे का? चोपड्याच्या मुलाला धुळ्याला प्रवेश मिळाला आणि जिल्हा सोडता येत नाही, असं होतं. प्रवेशाची पावती जोडून अट शिथिल करण्याचा अर्ज कोर्टात करता येतो. आदेश येईपर्यंत मात्र जाऊ नका, एका चुकीने जामीन जातो. तारखांमुळे वर्ग बुडतात आणि कॉलेजात ७५ टक्के हजेरी लागते, म्हणून प्रत्येक तारखेला हजर असल्याचा दाखला कोर्टातून घ्या आणि त्याच आठवड्यात कार्यालयात द्या.

कॉलेजात कुणाला सांगायचं? एका माणसाला सांगा. वर्गशिक्षक, ग्रंथपाल, एनएसएसचे सर, ज्यांच्याशी बोलावंसं वाटेल त्यांना. सगळ्या वर्गाला कळायची गरज नाही, पण तारखेच्या दिवशी कुठे गेला हे माहीत असलेलं एक माणूस आत हवं, जसं जेलमध्ये असताना बाहेर हवं होतं. सुटून आलेल्या मुलांनी कॉलेज सोडलं ते अभ्यासामुळे फार क्वचित. कुणीतरी कुजबुजलं, दोन दिवस तो आला नाही, आणि कुणी फोन केला नाही. मी इतर काही करू शकले नाही तेव्हाही तो फोन केला, आणि तुम्हीही करा.

पैशाचं थोडक्यात. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. जातीचा दाखला, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं. आत असताना खातं बंद पडलेलं असतं, ते आधी चालू करा. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, तडवी मुलांनी नंदुरबार, तळोदा, धुळे किंवा यावलच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वसतिगृहाची आणि स्वयम् योजनेची (वसतिगृह न मिळालेल्यांना राहण्या-जेवण्यासाठी मदत) चौकशी करावी. सुटलेल्या बंद्यांच्या पुनर्वसनाची मदत महिला व बालविकास विभागातल्या जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांकडे असते. बहुतेकांना हे पदच ठाऊक नसतं, त्यामुळे तिथे गर्दीही नसते.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला म्हणजे पदवी घरी आली असं नाही. पदवी प्रमाणपत्रासाठी दीक्षान्ताचा अर्ज आणि फी वेगळी असते. तो अजून आत असेल तर पत्त्याच्या रकान्यात जेलचा नाही, घरचा पत्ता लिहा, आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवा. फाटक्या गुणपत्रिकेवाल्या त्या आईने तेच केलं होतं. पाकीट आलं तेव्हा तिने ते उघडलं नाही. तसंच, पोस्टाच्या शिक्क्यासकट, पुढच्या मुलाखतीला घेऊन गेली.